उष्णतेचें चित्र



डोळे मिटून तापलेल्या तव्याकडे तोंड केलें, तर तवा कोणत्या बाजूस आहे हें आपला गाल बरोबर सांगतो. त्यासाठीं तव्यास हात लावावा लागत नाहीं. तव्यापासून कांहींतरी निघून सरळ रेषेंत आपल्या गालावर येतें. हें जें कांहींतरी, त्याचें चित्र काढणारें एक लहानसें यंत्र घरच्या घरीं कसें उभें करावें, आणि तें उभें राहिल्यावर त्याच्या सांगण्यावर कितपत विसंबावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. दुसरा प्रश्न मीं मुद्दाम जोडला आहे. पहिल्याला मला चार संध्याकाळी पुरल्या. दुसऱ्यानें गेल्या हिवाळ्यांत माझ्या घरास आग लागण्याची वेळ आणली होती.

प्रथम त्या किरणांविषयीं. विल्यम हर्शल या ज्योतिर्विदानें १८०० सालीं इंग्लंडांत सूर्यप्रकाश लोलकांतून नेला आणि त्याच्या निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा रंगांतल्यापेक्षांहि अधिक चढला. त्या अदृश्य किरणांस आज आपण अवरक्त किरण म्हणतों. सूर्याची गोष्ट राहोच. ही भिंत, हें टेबल, तुम्ही आणि मी, सारेच हे किरण अहोरात्र बाहेर टाकीत असतों. वस्तु जितकी अधिक तापलेली तितके किरण अधिक, परंतु हें 'अधिक' साध्या प्रमाणांत वाढत नाहीं. निरपेक्ष शून्यापासून मोजलेलें तापमान दुप्पट झालें, तर किरणांची शक्ति सोळापट होते. हा चौथ्या घाताचा नियम स्टीफन यानें १८७९ सालीं प्रयोगांवरून काढला, व त्याचा शिष्य बोल्ट्झमान यानें १८८४ सालीं त्याची उपपत्ति दिली. घरांतील वस्तूंच्या तापमानास या किरणांची लहर सुमारें १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, लांब असते. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणूनच मोबाईलमधील नेहमींचा कॅमेरा कितीहि भारी असला तरी त्याला हे किरण दिसत नाहींत. त्याच्या भिंगांतूनच ते पलीकडे जात नाहींत.

मीं घेतलेला सेन्सर बेल्जममधील मेलेक्सिस या कंपनीचा असून त्याचें नांव एमएलएक्स ९०६४० असें आहे. शर्टाच्या बटणाएवढी धातूची डबी, तिला वर एक खिडकी, व खालीं चार पाय. आंत २४ ओळी आणि प्रत्येक ओळींत ३२, असे ७६८ सूक्ष्म चौकोन. प्रत्येक चौकोनांत एक थर्मोपाइल आहे. दोन भिन्न धातूंच्या तारांचीं टोंकें जोडून एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला, तर तारांतून वीज वाहते, हें झेबेक यानें १८२१ सालीं दाखविलें. असे पुष्कळ सांधे एकामागून एक जोडले म्हणजे थर्मोपाइल होतें. इटलींतील नोबिली व मेलोनी यांनीं १८३० च्या सुमारास असल्याच यंत्रानें उष्णताकिरणांचा अभ्यास केला. त्यांचें यंत्र टेबलावर मांडावें लागे. आज तसलीं ७६८ यंत्रें एका बटणांत मावतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. थर्मोपाइलला केवळ फरक कळतो. समोरच्या वस्तूकडून येणाऱ्या किरणांनीं गरम झालेलें टोंक आणि डबीच्या अंगाला चिकटलेलें टोंक, या दोहोंतला फरक. म्हणून सेन्सर स्वतःच्या अंगाचें तापमानहि निराळें मोजतो, त्यांत हा फरक मिळवितो, आणि मग समोरच्याचें तापमान ठरतें. यंत्र सुरू केल्यावर डबीचें अंग स्थिर होईपर्यंत चार-पांच मिनिटें आंकडे हळूहळू सरकत राहतात. त्यांवर रागावूं नये. सेन्सर संगणकाच्या पाटीला खेटून मात्र बसवूं नये, कारण काम करतांना संगणकाचें मुख्य चिप सहज ५०-६० अंशांवर जातें आणि डबीस एका बाजूनें भाजूं लागतें. वीतभर वायर मध्यें असावी. हातभर नसावी, तीं कारणें पुढें येतील.

संगणक म्हणून मीं रास्पबेरी पाय वापरला. केंब्रिज येथील एका संस्थेनें तो २०१२ सालीं प्रथम विक्रीस आणला. शाळेंतील मुलांनीं संगणक नुसता चालवूं नये, त्याला आज्ञा लिहावयास शिकावें, हा तिचा मूळ हेतु. खेळण्याच्या पत्त्याएवढी ही एक पाटी असते आणि तिजवर सारा संगणक मांडलेला असतो. दोन्ही वस्तूंस मिळून कांहीं हजार रुपये पडतात. रक्कम लहान नव्हे; पण उष्णतादर्शक कॅमेरे पूर्वीं फक्त कारखान्यांत व सैन्यांत असत, हें आठवलें म्हणजे ती मोठीहि वाटत नाहीं.

जोडणीस चार वायरी पुरतात. संगणक बंद करून, त्याचा पुरवठा काढून, मगच हात घालावा. पाटीच्या कडेस दोन ओळींत मिळून ४० सुया उभ्या असतात. यूएसबीच्या खोबणीपासून दूरच्या टोंकाकडून, आणि पाटीच्या आंतल्या बाजूच्या ओळींतून मोजावें. पहिली सुई ३.३ व्होल्टची. दुसरी माहिती नेण्याआणण्याची, तिला एसडीए म्हणतात. तिसरी ठेका धरण्याची, ती एससीएल. चौथी सोडून पांचवी ग्राउंडची. छापील आकृतींत यांचे क्रमांक १, ३, ५ व ९ असे दिसतील, कारण तेथें दोन्ही ओळी मिळून मोजलेल्या असतात. बाहेरच्या ओळींतील पहिल्या दोन सुयांवर ५ व्होल्ट असतात. त्यांच्याकडे वायर चुकून जाऊं देऊं नये. सेन्सर ३.३ व्होल्टचा आहे, आणि एकदां जळला कीं त्याला औषध नाहीं.

एक गाणारा आणि एक ठेका धरणारा, अशा या दोन वायरींच्या पद्धतीस आय-टू-सी असें म्हणतात. प्रत्येक ठेक्याला एक अक्षरांश जातो. आठ अंश गेले कीं नवव्या ठेक्याला दुसऱ्या बाजूनें 'पोंचलें' अशी पावती यावयाची. या पद्धतीचें दार संगणकांत मुळांत बंद असतें. रास्पी-कॉन्फिग नांवाची आज्ञा देऊन इंटरफेसच्या यादींत आय-टू-सी सुरू करावें आणि संगणक पुन्हां चालू करावा. नंतर आय-टू-सी-डिटेक्ट या आज्ञेनें, एक क्रमांकाच्या मार्गावर कोण कोण हजर आहे याची हजेरी घ्यावी. पडद्यावर रेघांचा एक तक्ता येतो, आणि सर्व ठीक असेल तर त्यांत एका जागीं ३३ हा आंकडा उमटतो. तोच आपल्या सेन्सरचा पत्ता.

हे तेहतीस मात्र आपले तेहतीस नव्हेत. येथें मोजणी दहांची नसून सोळांची आहे. माझ्या वडिलांच्या पिढीस यांत कांहींच कठीण वाटलें नसतें. १९५७ सालीं दशमान नाणीं येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया चालत असे. ३३ म्हणजे तीन रुपये तीन आणे. त्याचे आणे केले तर ५१ होतात, आणि ५१ हाच त्या पत्त्याचा आपल्या पद्धतीचा आंकडा. सोळांच्या मोजणीस बिचकणाऱ्या पुष्कळ मुलांना मीं हा हिशेब सांगून पाहिला आहे. आणे त्यांनीं पाहिलेले नसतात, तरी हिशेब पटतो.

मला पहिल्या दिवशीं रेघांखेरीज कांहीं दिसेना. दोन तास मीं संगणकाची यंत्रणा पुनःपुन्हां तपासली. माझी नात शाळेंतून आली, तिनें एकवार वायरींकडे पाहिलें, आणि "आजोबा, पिवळी आणि निळी उलट लागल्या आहेत," असें सांगून ती खेळावयास निघून गेली. गाणाऱ्याच्या जागीं ठेकेवाला बसविला होता. असें झाल्यास सेन्सर बिघडत नाहीं, फक्त गप्प बसतो. म्हणून तक्ता रिकामा आला तर आधीं वायरी पाहाव्या. संगणकास दोष मागाहून द्यावा.

पुढची पायरी वेगाची. सेन्सरकडून एका वेळेस ८३२ आंकडे येतात: ७६८ चौकोनांचे आणि ६४ त्याच्या स्वतःच्या प्रकृतीचे. प्रत्येक आंकड्याचे दोन भाग, प्रत्येक भागास नऊ ठेके, म्हणजे सुमारें १५,००० ठेके झाले. रास्पबेरी पायचा ठेका मुळांत सेकंदास १ लक्ष असतो. तेव्हां एकदां वाचावयास सेकंदाचा सुमारें सातवा भाग लागतो. तेवढ्या वेळांत सेन्सर पुढचें चित्र तयार करूं लागतो आणि दोघांची चुकामूक होते. यास्तव कॉन्फिग नांवाच्या फाईलींत आय-टू-सीचा वेग ४ लक्ष असा लिहावा. नवीन आवृत्त्यांत ही फाईल बूटच्या आंत फर्मवेअर या फोल्डरांत असते. पायथनच्या कार्यक्रमांत वेगाचा आंकडा लिहिलेला दिसतो खरा, पण रास्पबेरी पायवर तो कोणी ऐकत नाहीं; फाईलच बदलावी लागते. वायरी हातभर नसाव्या असें मघाशीं म्हटलें, त्याचें कारण हेंच. लांब वायरींवर इतका जलद ठेका स्पष्ट राहत नाहीं.

मग पायथन. अमेरिकेंतील अ‍ॅडाफ्रूट या कंपनीनें या सेन्सरासाठीं तयार आज्ञासंग्रह विनामूल्य दिलेला आहे. २०२३ नंतरच्या यंत्रणेंत तो सरळ बसवूं गेलें तर संगणक नकार देतो. त्यासाठीं निराळें व्हर्चुअल एन्व्हायरन्मेंट करावें लागतें. घरांतल्या लोणच्याची बरणी जशी वेगळी ठेवतात आणि तींत दुसरीकडचा चमचा घालूं देत नाहींत, तसाच हा प्रकार आहे. एवढें झालें कीं आठ-दहा ओळींच्या आज्ञावलींत ७६८ तापमानांची यादी हातांत येते. सेन्सरला सेकंदास ४ वेळां मोजावयास सांगितलें तर पूर्ण चित्रें २ मिळतात, कारण तो एका वेळेस निम्मेच चौकोन मोजतो. बुद्धिबळाच्या पटावरील आधीं पांढरे, मग काळे, या क्रमानें. कोणी कॅमेऱ्यासमोरून झपाट्यानें हात फिरविला तर हाताच्या कडेस चटईच्या विणीसारखी नक्षी दिसते, ती यामुळेंच. ती बिघाडाची खूण नव्हे.

यादी मिळाली, तिला रंग दिले, आणि चौथ्या संध्याकाळीं माझ्या हाताचा पंजा पडद्यावर पिवळा होऊन उमटला. उजव्याचा डावा झाला होता. ओळी उलट्या वाचल्यावर तेंहि जमलें. त्या रात्रीं मी कॅमेरा घेऊन घरभर हिंडलों. बसलेल्या खुर्चीवर माणूस उठून गेल्यावरहि मिनिटभर त्याची बैठक दिसते. अनवाणी चाललेल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटून विरत जातात. दह्याचें भांडें फ्रिजमधून काढून ठेवलें कीं ओट्यावर निळा डाग पडतो. या गोष्टी सांगून संपणाऱ्या नाहींत, म्हणून सोडून देतों आणि यंत्रानें मला तीनदां कसें फसविलें तें सांगतों.

पहिली फसगत रंगांची. झोंपण्याच्या खोलींतील एका भिंतीवर मला तांबडे-निळे मोठमोठे डाग दिसले. ओल आली असें ठरवून मी गवंड्यास निरोप धाडण्याच्या बेतांत होतों. सहज आंकडे पाहिले, तर सर्वांत थंड चौकोन २३.८ अंश आणि सर्वांत गरम २४.९. तयार आज्ञावली चित्रांतील सर्वांत कमी आंकड्यास निळा व सर्वांत मोठ्या आंकड्यास तांबडा रंग देते. मग त्या दोहोंत शंभर अंशांचें अंतर असो कीं एका अंशाचें. मोजण्यांतला किरकोळ थरथराट तिनें रंगवून दाखविला होता. गवंड्याचा निरोप रद्द केला, आणि आज्ञावलींत निळा रंग २० अंशांस व तांबडा ८० अंशांस कायमचा बांधून टाकला. या सुधारणेबद्दल मीं स्वतःची पाठ थोपटून घेतली, हें पुढील हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावें.

दुसरी फसगत भांड्याची. उकळतें पाणी भरलेला, घासून लख्ख केलेला पितळी तांब्या कॅमेऱ्यासमोर ठेवला, तर यंत्र म्हणालें, ३१ अंश. बोट लावलें असतें तर फोड आला असता. त्याच तांब्यास विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावली. पट्टीवर ८५ अंश आले, आणि बाजूची पितळ ३१ वरच राहिली. कारण असें, कीं चकचकीत धातु स्वतः फार थोडे किरण टाकते, आणि आरशाप्रमाणें दुसऱ्यांचे किरण परत फेंकते. त्या ३१ अंशांत तांब्यापेक्षां खोलीचा आणि माझ्या तोंडाचाच वांटा अधिक होता. आज्ञावली सर्व वस्तूंस शंभरांत पंचाण्णव गुणांच्या समजते. कातडी, कागद, लांकूड, भिंतीचा रंग, बहुतेक प्लॅस्टिकें, काजळी धरलेलें पातेलें यांच्या बाबतींत हें ठीक आहे. उजळ धातूच्या बाबतींत साफ चूक आहे. खिडकीच्या कांचेचेंहि असेंच. कांचेंतून रस्ता दिसत नाहीं. दिसते ती कांच आणि तींत अंधुकसे आपण. पातळ पॉलिथिनच्या पिशवींतून मात्र पलीकडचा हात दिसतो. डोळ्यांचा सारा अनुभव येथें उलटा होतो.

आतां तिसरी. आमच्या न्हाणीघराबाहेर गीझरचा स्विच व सॉकेट आहे. गीझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपियर वीज ओढणारा. डिसेंबरांत एके सकाळीं आमच्या सौ.नीं जळकट वास येत असल्याचें सांगितलें. मीं मोठ्या उत्साहानें कॅमेरा आणला, दाराशीं, सुमारें दोन मीटरवर उभा राहिलों, आणि सारी भिंत एकरंगी निळी असल्याचें त्यांना दाखविलें. "बोर्ड गार आहे. वास शेजारचा असेल," असें सांगून मीं गीझर चालू ठेविला. दुसऱ्या दिवशीं त्या म्हणाल्या, "अहो, तुमचें यंत्र कांहींहि म्हणो, मला वास येतो आहे, आणि तो इथलाच आहे." या वेळीं त्यांच्या समाधानासाठीं म्हणून मीं कॅमेरा सॉकेटपासून वीतभर अंतरावर नेला. सॉकेटच्या एका कोपऱ्यावर ७८ अंश होते.

मेन स्विच बंद करून वायरमनला बोलाविलें. सॉकेटच्या पाठीमागचा एक स्क्रू सैल झालेला होता, वायरीचें आवरण बोटभर तपकिरी होऊन तडकलें होतें, आणि लांकडी पेटीस काळा डाग पडूं लागला होता. तो पाहून तो म्हणाला, "गुरुजी, हें आणखी आठ दिवस चालूं द्यायला नको होतें." मीं त्यास एक दिवस चालूं दिलें होतें, आणि तेंहि यंत्राच्या साक्षीनें.

सर्किट तोडणारा स्विच, ज्यास आपण एमसीबी म्हणतों, तो अशा वेळीं कां पडत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें काम जादा प्रवाह अडविण्याचें. येथें प्रवाह जादा नसतोच. गीझरला लागतो तेवढाच, ८.७ अँपियर, वाहत असतो. सैल सांध्याचा विरोध समजा अवघा ०.२ ओहम झाला. प्रवाहाच्या वर्गास, म्हणजे सुमारें ७६ ला, ०.२ नें गुणलें कीं १५ वॅट होतात. लहानशा सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या जवळपास जाणारी ही उष्णता एका स्क्रूच्या डोक्यावर बंद पेटींत जमत राहते. त्यानें स्क्रू अधिक सैल होतो, विरोध वाढतो, आणि उष्णता पुन्हां वाढते. घरांतील सारीं संरक्षक यंत्रें शांत राहतात.

आणि माझ्या कॅमेऱ्यास दोन मीटरवरून तें कां दिसलें नाहीं? या सेन्सरचे दोन प्रकार मिळतात. एकाची नजर ५५ अंशांइतकी रुंद, दुसऱ्याची ११०. अधिक रुंद तें अधिक चांगलें, असें समजून मीं दुसरा घेतला होता. ११० अंश ३२ चौकोनांत वांटले, तर प्रत्येक चौकोनाच्या वांट्यास साडेतीन अंशांहून किंचित् कमी येतात. म्हणजे दोन मीटरवर भिंतीचा सुमारें १२ सेंटिमीटर रुंद व ११ सेंटिमीटर उंच तुकडा. त्या एवढ्या तुकड्यासाठीं यंत्र एकच आंकडा सांगणार. गरम कोपरा होता दोन सेंटिमीटर लांब व दोन रुंद, म्हणजे त्या तुकड्याचा तेहतिसावा हिस्सा. भिंत २४ अंशांवर आणि हा हिस्सा ८० अंशांवर धरून चौथ्या घाताच्या नियमानें सरासरी काढली, तर उत्तर येतें सुमारें २६ अंश. ८० अंशांचा निखारा भिंतीपेक्षां केवळ २ अंशांनीं निराळा दिसतो. आणि मीं तर २० पासून ८० पर्यंत रंग ताणून ठेविले होते. त्यांत दोन अंशांनीं निळ्याची छटाहि बदलत नाहीं. पहिली फसगत टाळण्यासाठीं केलेल्या उपायानेंच तिसरी झाली. शिवाय चित्र सुंदर दिसावें म्हणून मीं चौकोनांच्या कडा गुळगुळीत करविल्या होत्या. त्यानें ७६८ आंकड्यांत एकहि नवी माहिती येत नाहीं. मोठे चौकोन उघडे दिसले असते, तर इतक्या जाड डोळ्यानें लहान स्क्रू दिसणार नाहीं हें माझ्या वेळींच ध्यानांत आलें असतें.

आतां मीं आज्ञावली बदलली आहे. गुळगुळीतपणा काढला. रंग ठेविले, पण चित्राखालीं तीन आंकडे येतात: सर्वांत गरम चौकोन, सर्व चौकोनांचें मधलें मूल्य, आणि दोहोंतला फरक. दुरून पाहतांना फरक दोन अंशांचा जरी आला तरी जवळ जावयाचें. किती जवळ, याचें गणित सोपें आहे. रुंद नजरेच्या सेन्सरमध्यें एका चौकोनांत येणारा तुकडा अंतराच्या सुमारें सोळाव्या हिश्शाएवढा असतो, अरुंद नजरेच्या सेन्सरमध्यें तेहतिसाव्या हिश्शाएवढा. दोन सेंटिमीटरची वस्तु तपासावयाची, तर रुंद सेन्सर ३० सेंटिमीटरच्या आंत न्यावा. घरांतील कामासाठीं कोणी नवीन घेत असेल तर ५५ अंशांचा घ्यावा, असें माझें मत झालें आहे. तपासण्यापूर्वीं गीझर, इस्त्री, पाण्याचा पंप, जें काय असेल तें पंधरा मिनिटें चालवावें. बंद सांधा कधींच तापत नाहीं. बोर्डाचें झाकण मात्र आपण उघडूं नये. बाहेरच्या प्लॅस्टिकवर ७८ अंश दिसले तर आंतला स्क्रू त्याहून किती तरी अधिक तापलेला असतो, आणि तो पाहणें हें परवानाधारक वायरमनचें काम. त्यानें झाकण उघडलें तरी पितळी स्क्रूवरचा आंकडा खरा धरूं नये, तांब्याची गोष्ट आठवावी. शेजारच्या वायरीच्या रबरी आवरणावरचा आंकडा पाहावा.

गरम दिसलें तर तें खरें मानून पुढें तपास करावा. गार दिसलें तर मात्र किती अंतरावरून, कोणत्या पृष्ठभागावर, आणि रंग कोणत्या आंकड्यांना बांधून पाहिलें, हें तीनदां विचारावें. वास येत असेल तर आंकडा कांहींहि असो, स्विच बंद.

शेवटीं, शेजारपाजारच्या मंडळींची एक विनंति वारंवार येते, तिचें उत्तर येथेंच देऊन टाकतों. मुलाच्या कपाळाकडे यंत्र धरून ताप किती आहे तें सांगा, असें म्हणतात. या सेन्सरचा आंकडा अनुकूल स्थितींतहि एखादा अंश इकडे तिकडे होऊं शकतो, आणि कपाळाचें कातडें वाऱ्यानें व घामानें निवतें. ३७ अंश आणि ३८ अंश यांमधील भेदावर जेथें डॉक्टरला बोलवावयाचें कीं नाहीं हें ठरतें, तेथें हें यंत्र मी हातांत घेत नाहीं. काखेंत धरावयाचा थर्मामीटर माझ्या टेबलाच्या खणांत आहे, तो मी काढून देतों.